विंडोज ठेवून डेबियन टाकायचंय, पण इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही

जुळारी (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी.

मी घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची जुळणी. गिऱ्हाइकांच्या जुन्या फाइली सगळ्या श्रीलिपी आणि पेजमेकरमधल्या. त्या वर्षानुवर्षं पुन्हा उघडाव्या लागतात, त्यामुळे विंडोज काढून टाकणं मला शक्य नाही. पण नवीन काम यापुढे युनिकोडमध्ये, इंकस्केप आणि स्क्रायबसवर करायचं मनाशी पक्कं केलंय. भाच्याच्या मशीनवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) वापरून पाहिलं आणि मनापासून आवडलं, म्हणून माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी तेच हवंय.

लॅपटॉप आय-५, आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम. आत दोन डिस्क आहेत. २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, तिच्यावर विंडोज ११. आणि १ टीबीची साधी हार्डडिस्क, तिच्यावर माझं सगळं काम. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आक्रसून ७० जीबी जागा मोकळी सोडली आहे. डेबियन १३ चा लाइव्ह पेनड्राइव्ह केला. त्यावरून मशीन छान सुरू होतं, वायफाय लागतं, आवाज येतो, टचपॅड चालतं.

अडतं ते इन्स्टॉलरमध्ये. पार्टिशनच्या पानावर वरच्या खणात डिस्क निवडायची असते, तिथे फक्त ९३१ जीबीची एसडीए दिसते, म्हणजे माझी कामाची हार्डडिस्क. एसएसडी नाहीच. मोकळे केलेले ७० जीबी नाहीत, विंडोजचा पत्ता नाही. आणि खाली पर्याय काय, तर ‘डिस्क पुसून टाका’. ते वाचूनच हात मागे घेतला आणि बंद केलं.

बायोसमध्ये एसएसडी दिसते. विंडोज तिच्यावरूनच रोज चालू होतं, म्हणजे डिस्क बिघडलेली नाही. पेनड्राइव्ह बदलला, पोर्ट बदललं, फरक नाही. इथल्या एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, “सगळं फॉरमॅट मारू, मग दिसेल.” ते मला नको आहे. कुणाला हे नेमकं माहीत असेल तर सांगा. टर्मिनल उघडायला भीत नाही, फक्त काय टंकायचं ते स्पष्ट सांगा.

---

सह्याद्री_रूट

सिक्युअर बूट चालू असणार. बायोसमध्ये जाऊन बंद करा आणि पेनड्राइव्ह रुफसने डीडी मोडमध्ये परत बनवा. तरीही नाही दिसली तर व्हर्च्युअलबॉक्स टाकून आत डेबियन चालवा, विंडोजला धक्का लागत नाही.

---

मिरजेचा_दुरुस्तीवाला

ताई, ‘डिस्क पुसून टाका’ पाहून तुम्ही थांबलात ते फार बरं केलंत. तिथे पुढे गेला असता तर विंडोज शाबूत राहिलं असतं आणि तुमचं काम गेलं असतं. नेमक्या याच जागी लोकांचा डेटा गेलेला मी पाहिलाय. एसएसडी दिसत नाही, समोर एकच डिस्क असते, ‘हीच असेल’ असं समजून माणूस ‘पुढे’ दाबतो.

फॉरमॅटने काहीही होणार नाही. लिनक्सला जी डिस्कच दिसत नाही, ती विंडोजमधून शंभरदा फॉरमॅट केली तरी दिसणार नाही. कुणालाही करू देऊ नका.

सिक्युअर बूटचा इथे संबंध नाही. ते बूटलोडरची सही तपासतं, डिस्क लपवत नाही. डेबियनला १० व्या आवृत्तीपासून सिक्युअर बूट चालतं आणि तुमचा पेनड्राइव्ह सुरू होतोय, म्हणजे ती पायरी केव्हाच ओलांडली आहे. ते चालूच राहू द्या. व्हर्च्युअलबॉक्स ८ जीबी रॅमवर चालेल, पण आत स्क्रायबसमध्ये १५० पानांचा अंक उघडलात की कंटाळा येईल. तुमच्या कामाला खरं इन्स्टॉलेशनच हवं.

माझा अंदाज आहे की मशीन ‘रेड’ मोडमध्ये आहे, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकत्र वापरायच्या मोडमध्ये. पण अंदाजावर बायोसला हात लावायचा नाही, आधी खात्री करू. पेनड्राइव्हवरून डेबियन सुरू करा, इन्स्टॉलर उघडू नका, टर्मिनल उघडा. सगळी अक्षरं इंग्रजी, लहान.

पहिली आज्ञा: एल एस पी सी आय, मध्ये जागा न सोडता, आणि एंटर. मोठी यादी येईल. तिच्यात ‘साटा’ किंवा ‘रेड’ शब्द असलेली ओळ शोधा.

दुसरी: एस यू डी ओ, जागा, डी एम ई एस जी, जागा, उभी रेघ, जागा, जी आर ई पी, जागा, आर ई एम ए पी. उभी रेघ म्हणजे एंटरच्या वर किंवा शेजारी असते ती, शिफ्ट धरून. याने कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींतून हव्या त्या ओळी तेवढ्या निघतील.

दोन्हीचं उत्तर इथे लिहा. या आज्ञा फक्त वाचतात, काही बदलत नाहीत. बिनधास्त करा.

---

जुळारी (इचलकरंजी)

दादा, केलं. पहिल्या यादीत ही ओळ आहे: “रेड बस कंट्रोलर: इंटेल कॉर्पोरेशन ८२८०१ मोबाइल साटा कंट्रोलर [रेड मोड]”.

दुसऱ्यातून एकच ओळ आली. “फाउंड १ रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हायसेस”. उत्सुकतेपोटी उभ्या रेघेपासून पुढचं सगळं काढून संपूर्ण नोंद वाचली, तर त्याच्या लगेच खाली आणखी एक वाक्य होतं: “स्विच युअर बायोस फ्रॉम रेड टू एएचसीआय मोड टू यूज देम”.

म्हणजे लिनक्स स्वतःच सांगतंय की बायोसमध्ये बदल करा! मग बायोसमध्ये गेले. साटा मोडपुढे ‘आरएसटी विथ ऑप्टेन’ असं आहे आणि दुसरा पर्याय एएचसीआय. तो निवडल्याबरोबर सूचना आली की मोड बदलल्यास डिस्कवरचा डेटा जाऊ शकतो. म्हणून काहीही सेव्ह न करता बाहेर आले. हे खरं आहे का? डेटा जातो का?

---

मिरजेचा_दुरुस्तीवाला

खालची ओळ तुम्ही स्वतः शोधलीत हे बघून फार आनंद झाला. निदान झालं.

आता काय घडतंय ते सांगतो, कारण कळलं की भीती जाते. इंटेलची रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आरएसटी, बायोसमध्ये चालू असली की एनव्हीएमई एसएसडी स्वतंत्र उपकरण म्हणून समोर येत नाही. ती साटा कंट्रोलरच्या पदराआड उभी राहते. विंडोजमध्ये इंटेलचा खास ड्रायव्हर असतो, त्याला पदराआड बघायचं ठाऊक असतं. लिनक्सच्या कर्नलमधल्या एएचसीआय (साटा डिस्कशी बोलायची साधी पद्धत) ड्रायव्हरला एवढंच कळतं की मागे एक एनव्हीएमई आहे, पण तिच्याशी बोलता येत नाही. साधी हार्डडिस्क मात्र थेट साटावर आहे, म्हणून ती दिसते. एक डिस्क दिसते आणि एक नाही, याचं कारण हे. तुमच्या डिस्कमध्ये, पेनड्राइव्हमध्ये, डेबियनमध्ये कशातही दोष नाही.

सूचनेबद्दल. दोन डिस्क जोडून खरोखरीचा रेड केलेला असेल तर मोड बदलल्यावर ती जोडणी तुटते आणि डेटा हाती लागत नाही. सूचना त्यासाठी आहे. तुमच्या दोन्ही डिस्क सुट्या आहेत, त्यामुळे एएचसीआय केल्याने त्यांच्यावरचं काही पुसलं जात नाही. पण हे पक्कं करून घ्या. विंडोजमध्ये इंटेल आरएसटीचं ॲप उघडा आणि दोन गोष्टी बघा, रेड व्हॉल्यूम केलेला नाही ना आणि ऑप्टेन मेमरी (हार्डडिस्कला वेग देणारी इंटेलची जोड-मेमरी) चालू नाही ना. ऑप्टेन चालू दिसली तर तिथेच थांबा आणि मला सांगा.

खरा धोका वेगळा आहे. तयारी न करता नुसता मोड बदलला की विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून अडकतं. विंडोज चालू होताना गरजेचे तेवढेच डिस्कचे ड्रायव्हर घेतं, बाकीचे झोपवून ठेवतं. आजवर इंटेलचा ड्रायव्हर लागत होता, आता अचानक एनव्हीएमईचा साधा ड्रायव्हर लागतो आणि तो जागा नसतो. लोक इथे घाबरतात आणि मग फॉरमॅट करतात. गरज नसते. बायोसमध्ये जाऊन मोड परत आरएसटीवर ठेवला की विंडोज पूर्वीसारखं उठतं. हे लक्षात ठेवा, परतीचा रस्ता आहे.

आता क्रमाने जा, क्रमच महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी १ टीबीवरच्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मी वर म्हटलं डेटा जात नाही, तरी घ्या. गिऱ्हाइकांच्या फाइली आहेत, त्या एकाच जागी असणं मला झोप लागू देत नाही, मग त्या माझ्या नसल्या तरी.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू असू शकतं, होम आवृत्तीतही. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली बघा. चालू असेल तर मोड बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. कागदावर लिहून घ्या, सहा-सहा अंकांचे आठ गट असतात, एकेक गट मोठ्याने वाचून पडताळा. त्याच लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवू नका. त्यानंतर तिथूनच एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा, वेळ लागतो. काम संपल्यावर पुन्हा चालू करायचं का ते तुम्ही ठरवा. गिऱ्हाइकांची माहिती घेऊन लॅपटॉप बाहेर फिरत असेल तर मी म्हणेन, करा.

फास्ट स्टार्टअपही बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘पॉवर बटणं काय करतात’ असं पान आहे तिथे. ते चालू असताना शटडाउन दिलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि त्याची पार्टिशनं उघडी राहतात. मग डेबियनमधून त्यांच्यावर लिहिता येत नाही. तुम्हाला १ टीबीची डिस्क दोन्हीकडून वापरायची असणार, तेव्हा हे विसरू नका.

आता मुख्य भाग. विंडोजमध्ये विंडोज-आर दाबा, ‘एमएसकॉन्फिग’ टंका. बूटच्या टॅबवर ‘सेफ बूट’ला खूण करा, खाली ‘मिनिमल’ ठेवा, ओके, रीस्टार्ट. मशीन बंद होऊन चालू होतानाच बायोसची कळ दाबत राहा. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करा, सूचनेला हो म्हणा, सेव्ह करून बाहेर पडा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल, काळा पडदा आणि चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ अशी अक्षरं. सेफ मोडमध्ये ते समोर दिसणाऱ्या कंट्रोलरचा ड्रायव्हर शोधून लावून घेतं, आपल्याला हवं ते एवढंच. इथे पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आधी आठवून ठेवा. आत गेलात की पुन्हा एमएसकॉन्फिग, सेफ बूटची खूण काढा, रीस्टार्ट. विंडोज नेहमीसारखं उठलं की अवघड भाग संपला.

मग पेनड्राइव्हवरून डेबियन. इन्स्टॉलरच्या वरच्या खणात आता २३८ जीबीची एनव्हीएमई दिसेल. तीच २५६ ची, मोजायची रीत वेगळी. ती निवडा आणि ‘मॅन्युअल पार्टिशनिंग’ला जा. ‘नवीन पार्टिशन टेबल’ या बटणाला हात लावायचा नाही, त्याने सगळी डिस्क कोरी होते. मोकळ्या ७० जीबीवर क्लिक करून एक एक्स्ट४ पार्टिशन करा, माउंट पॉइंट नुसती तिरकी रेघ. सुरुवातीचं छोटं फॅट३२ पार्टिशन, विंडोजचंच ईएफआय, ते फॉरमॅट न करता ‘ठेवा’ म्हणायचं आणि त्याचा माउंट पॉइंट /बूट/ईएफआय द्यायचा. ते लहान असल्याची सूचना आली तर घाबरू नका. डेबियनचे कर्नल मोठ्या पार्टिशनवर राहतात, तिथे फक्त ग्रब (चालू होताना कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा प्रोग्राम) जातो, त्याला १०० एमबी पुष्कळ होतात.

‘इन्स्टॉल’ दाबण्याआधी सारांशाचं पान येतं. त्यात एसडीएचं नाव कुठेही दिसता कामा नये. दिसलं तर मागे जा.

---

टर्मिनलमावशी (पुणे)

वरच्या उत्तरात भर घालते, कारण पुढे कुणी दुसऱ्या मशीनसाठी हा धागा वाचेल.

ऑप्टेनचा मुद्दा गंभीर आहे. काही लॅपटॉपमध्ये १ टीबीची हार्डडिस्क आणि तिला वेग यावा म्हणून १६ किंवा ३२ जीबीची ऑप्टेन मेमरी अशी जोडी असते. तिथे डेटा दोन्हींत वाटला गेलेला असतो. आरएसटीच्या ॲपमधून ऑप्टेन आधी रीतसर बंद करून जोडी सोडवावी लागते, मगच मोड बदलायचा. नाहीतर विंडोजची फाइल सिस्टिम खराब होते. इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेनचा धंदा आवरता घेतला, पण ती मशीन लोकांच्या घरी अजून उत्तम चालतात, म्हणून सांगितलं.

अकराव्या पिढीपासून बायोसमध्ये साटा मोडऐवजी बहुधा ‘व्हीएमडी’ नाव दिसेल, एनव्हीएमई डिस्क सांभाळायची इंटेलचीच नवी पद्धत. ते वेगळं आहे. लिनक्समध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे नवीन कर्नल असलेल्या डिस्ट्रोला डिस्क बऱ्याचदा तशीच दिसते. उलट विंडोज कोरं टाकायला गेलात तर त्याच्याच इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही आणि इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. तेव्हा व्हीएमडीच्या मशीनवर बायोस बदलण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवर डिस्क दिसते का ते बघा. दिसत असेल तर काहीच करू नका. बंद करायचीच वेळ आली तर सेफ मोडची हीच रीत लागू पडते. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपलेला असतो, बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल-एस दाबलं की उमटतो.

आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये तुमची डिस्क ‘बेसिक’ आहे की ‘डायनॅमिक’ तेही बघून ठेवा. डायनॅमिक असेल तर तिच्यावर इन्स्टॉलरला सरळ काम करता येत नाही. जुळारीताईंची बेसिकच असणार, आपण विचारून घेतलेलं बरं.

---

जुळारी (इचलकरंजी)

झालं!! विंडोज आहे, डेबियन आहे, कामाची डिस्क दोन्हीकडे दिसते, एकही फाइल हलली नाही.

मावशी, दोन्ही डिस्क बेसिक होत्या. आरएसटीच्या ॲपमध्ये ना रेड होता ना ऑप्टेन. एन्क्रिप्शन मात्र चालू निघालं, आणि ते मी कधी चालू केलेलं नव्हतं. दादांनी आधीच सांगितलं नसतं तर रिकव्हरी कीच्या पडद्यापाशी मी पुरती अडकले असते. सेफ मोडमध्ये पिन खरंच घेतला नाही, पासवर्ड लागला. त्यानंतर विंडोज पहिल्यासारखं उठलं आणि पेनड्राइव्हवर २३८ जीबी दिसल्यावर मी शेजारच्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगून आले. सारांशाचं पान तीनतीनदा वाचलं, एसडीए कुठे नव्हतं.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. ग्रबच्या यादीत फक्त डेबियन दिसतं, विंडोजला जायला दर वेळी एफ-१२ दाबून बूट मेन्यूतून जावं लागतं. आणि डेबियन वापरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ मागे पडलेलं असतं. संध्याकाळी साडेसहाला विंडोज दुपारचा एक दाखवत होतं. बॅटरी गेली का आतली?

---

मिरजेचा_दुरुस्तीवाला

ताई, मनापासून अभिनंदन. बॅटरी ठणठणीत आहे. फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, तो भारताच्या वेळेचा आणि यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, फरक. डेबियन मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहून ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. डेबियनमध्ये एकदाच ही आज्ञा द्या: ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’, इंग्रजीत अर्थातच. पहिल्या शब्दाचा शेवट सी टी एल असा आहे, दुसरा शब्द आडव्या रेघांनी जोडलेला. त्यानंतर ते स्थानिक वेळ ठेवायला लागेल. ही पद्धत नको असं सिस्टिम बजावेल. ते मुख्यतः वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे तो प्रकार नाही, तुम्ही खुशाल करा. मग विंडोजमध्ये जाऊन तारीख-वेळेच्या सेटिंगमधलं ‘सिंक नाऊ’ एकदा दाबा.

ग्रबचं कारण असं, की दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर आता मुळातच बंद ठेवलेला असतो. ‘सुडो नॅनो’ने /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडा. तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ या नावाची, शेवटी ‘फॉल्स’ असलेली ओळ आधीपासूनच आहे, फक्त तिच्यापुढे # आहे. ते चिन्ह तेवढं पुसा. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’, मधे आडवी रेघ. पडद्यावर ‘विंडोज बूट मॅनेजर’ सापडल्याची ओळ आली की पुढच्या वेळी यादीत दोन्ही नावं असतील.

विंडोजचं एखादं मोठं अपडेट आल्यावर ते बूटच्या क्रमात स्वतःला वर नेऊन बसवू शकतं आणि मशीन थेट विंडोजमध्ये जाऊ लागतं. तसं झालं तर डेबियन गेलेलं नसतं. बायोसच्या बूट क्रमात ‘डेबियन’ नाव वर घ्या, बास. आणि बायोसचं अपडेट कधी केलंत, किंवा दुरुस्तीला देऊन सेटिंग मूळपदावर आली, तर साटा मोड पुन्हा आरएसटी झालाय का ते आधी बघा. तसं असेल तर दोन्ही सिस्टिम अडतील, आणि एएचसीआय केलं की दोन्ही उठतील.